डावा चालतो, उजवा खेळतो

रॅगटाइमचं पियानोसंगीत ऐकताना माणसाचा पाय आपोआप का हलू लागतो, याचं उत्तर शोधायला महाडला जा, असं कुणी सांगणार नाही. संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला ‘वाजवण्यातला आनंद’ आणि सोबत विचारलं, रॅगटाइमवर लिहाल का? मी हो म्हणाले आणि मुंबई-गोवा महामार्गानं महाड गाठलं. हे संगीत घरबसल्याही ऐकता येतं, ध्वनिमुद्रणं हाताशी आहेत. पण वाजवण्यातला आनंद पाहायचा तर जिथे माणसं आज, या आठवड्यात, दिवसभराचं काम आटोपून एखाद्या वाद्याच्या पट्ट्यांवर बोटं ठेवतात, तिथे जायला हवं. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत अशी माणसं वाडीवाडीला भेटतात. पियानो त्यांच्याकडे नाही. पेटी आहे.

रॅगटाइम म्हणजे काय, ते आधी सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी ही शैली घडवली. पियानोवर डावा हात दोन-दोनच्या संथ चालीनं चालत राहतो: खाली खर्जातला एक सूर, मग वर एकत्र वाजणारे तीन-चार सूर, पुन्हा खाली, पुन्हा वर. त्यात बदल नाही, घाई नाही. उजवा हात मात्र त्या चालीच्या पावलावर पाऊल ठेवत नाही. जिथे जोर पडेल असं वाटतं तिथे तो गप्प बसतो आणि अर्धी मात्रा आधी किंवा नंतर येऊन सूर ठेवतो. एक हात शब्द पाळतो, दुसरा खोडी काढतो. त्या दोघांमधल्या फटीत ऐकणाऱ्याचा पाय सापडतो आणि हलायला लागतो.

दुसरी पाळी सुटल्यावर

महाडची औद्योगिक वसाहत सावित्री आणि काळ या नद्यांच्या खोऱ्यात, नांगलवाडीपासून बिरवाडीच्या बाजूला पसरलेली आहे. रसायनं, रंगद्रव्यं, औषधांचे कच्चे घटक असा इथला माल. काम तीन पाळ्यांत चालतं. रात्री दुसरी पाळी सुटते तेव्हा फाट्यांवर दुचाक्यांची रांग लागते. त्यातल्या काही थेट घरी न जाता वाडीच्या देवळाकडे किंवा समाजमंदिराकडे वळतात.

मी ज्या भजनाला बसले, तिथले बुवा एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर आहेत. दिवसभर रिॲक्टरचं तापमान पाहायचं, दाब पाहायचा, ठरलेल्या वेळी आकडे वहीत नोंदवायचे, बॅच उतरेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. पखवाज वाजवणारे दुसऱ्या कारखान्यात फिटर. टाळ धरणाऱ्यांत एक निवृत्त शिक्षक, दोन शेतकरी, एक टेम्पोचालक आणि बारावीतली एक मुलगी. कारखान्यात बुवांना आडनावानं हाक मारतात. इथे ते सगळ्यांचे बुवा. गावात हा मान पेटीमुळे मिळतो. वयानं मोठे असलेले शिक्षकही त्यांना ‘बुवा, घ्या आता’ असंच म्हणतात.

आमच्याकडच्या भजनात बुवा स्वतः गातात आणि स्वतःच पेटी वाजवतात. शास्त्रीय मैफलीत पेटी गायकाच्या मागून येते. इथे गळा आणि बोटं एकाच माणसाची असल्यानं कुणी कुणाच्या मागे नाही. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. रूपाचा अभंग झाला, मग आणखी दोन अभंग, मग गवळण. गवळणीपर्यंत मंडळी सैल झाली. कामाचे कपडे तसेच होते, पण बसण्याची ढब बदलली. गजराला आले तेव्हा लय दुपटीवर गेली होती, आणि मघापर्यंत भिंतीला टेकून बसलेले दोघं-तिघं उठून उभे राहिले. कुणी उठा म्हटलं नव्हतं.

रात्री साडेबारा वाजता आठ तासांची ड्यूटी करून आलेला माणूस उभा राहून टाळ्या देतो, तेव्हा त्याच्या अंगात ही ताकद येते कुठून, असं वाटतं. थकवा आहेच. पण थकवा आणि आनंद एकाच वेळी एकाच माणसात राहू शकतात, आणि लय त्यांना एकत्र राहू देते.

रिकामी मात्रा

गजर संपल्यावर चहा आला. मी पखवाजवाल्यांना भजनी ठेका हातावर मोजून दाखवायला सांगितला. आठ मात्रांचा अर्धा फेरा. पहिल्या मात्रेवर धिं, दुसरी रिकामी, तिसरीवर ना, चौथीवर धिं, पाचवी रिकामी, सहावीवर धिं, सातवीवर ना, आठवी रिकामी. पुढचा अर्धा फेरा तसाच, फक्त ‘धिं’च्या जागी ‘तिं’.

इथे थोडं थांबायला हवं. आठ मात्रांचे सरळ दोन भाग केले तर दुसरा भाग पाचव्या मात्रेवर सुरू होतो. कवायतीत तिथेच पाय आपटला जाईल. भजनी ठेका नेमकी तीच मात्रा मोकळी सोडतो. जोराचा बोल एक मात्रा आधी, चौथीवर येऊन गेलेला असतो. पण टाळकरी मात्र पाचवी सोडत नाहीत. त्यांचा टाळ तिथे वाजतो. म्हणजे पखवाज जिथे गप्प, तिथे टाळ बोलतो. ऐकणाऱ्याला आघात दोन्हीकडे जाणवतो, चौथीवरही आणि पाचवीवरही, आणि अंग पुढे ढकललं जातं.

रॅगटाइमच्या उजव्या हाताचं काम याच जातीचं. पाश्चात्त्य संगीतात याला सिंकोपेशन म्हणतात. मुख्य आघात त्याच्या घरातून उचलून शेजारच्या घरात नेऊन ठेवायचा, पण मूळ घर मोडायचं नाही. मूळ घर मोडलं तर खोडी कळणारच नाही, म्हणून डावा हात इमानानं चालत राहतो. आमच्याकडे हे काम तिघं वाटून घेतात: टाळकरी चाल सांभाळतात, पखवाज ती मोडल्यासारखी करतो, बुवा वरून सूर सोडतात. रॅगटाइमचा वादक तिघांचं काम एकटा करतो, दहा बोटांत.

या दोन संगीतांचा एकमेकांशी काही नातेसंबंध आहे असं मी म्हणत नाही. भजनी ठेका अमेरिकेत गेला नाही, रॅगटाइम सावित्रीच्या खोऱ्यात आला नाही. अमेरिकेतल्या पियानोवाल्याला आणि कोकणातल्या पखवाजवाल्याला आपापल्या वाटेनं एकच सुचलं, की नेमकी अपेक्षित जागा रिकामी ठेवली तर माणसं हलतात. मला हे कुठल्याही उसनवारीपेक्षा मोठं वाटतं.

सेडेलियातली काळी चार

स्कॉट जॉप्लिन हा रॅगटाइमचा सर्वांत मोठा रचनाकार. त्याचे वडील गुलामीत वाढलेले, नंतर रेल्वेत मजूर. ते व्हायोलिन वाजवत. आई गायची आणि बॅन्जो वाजवायची. टेक्सासमध्ये ज्युलियस वाइस नावाच्या जर्मन शिक्षकानं या मुलाला फी न घेता शिकवलं. पुढे तो मिसुरी राज्यातल्या सेडेलिया या गावी राहिला. सेडेलिया हे रेल्वेचं गाव: लोहमार्गांचा सांधा, कारखाने, कामगारांची वस्ती, आणि संध्याकाळी त्यांच्यासाठी उघडणारे क्लब. अशाच एका क्लबचं नाव ‘मेपल लीफ’. १८९९ साली जॉन स्टार्क या प्रकाशकानं जॉप्लिनची ‘मेपल लीफ रॅग’ छापली. प्रत्येक प्रतीमागे एक सेंट मानधन असा करार झाला. एका कृष्णवर्णीय रचनाकाराला त्या काळी विक्रीवर वाटा मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. बहुतेकांना एकरकमी थोडे पैसे देऊन वाटेला लावत.

ती रचना मी समाजमंदिरातच, मोबाइलवर, बुवांना ऐकवली. निवांत ऐकणं त्यांच्या स्वभावात नाही. पहिल्या काही क्षणांतच त्यांनी पेटीचं झाकण उघडलं आणि षड्ज शोधायला सुरुवात केली. सापडला. काळी चार.

“ताई, ही तर आमचीच पट्टी,” ते म्हणाले.

खरंच होतं. ‘मेपल लीफ रॅग’ ज्या सुरात बांधली आहे तो ए फ्लॅट, म्हणजे आपल्या पेटीची काळी चार, आणि बुवा रोज तिथेच गातात. योगायोग म्हणा, पण त्या क्षणी खोलीतलं वातावरण बदललं. परकं काही ऐकायला बसलेली माणसं आता आपल्या पट्टीतलं काही ऐकत होती.

रॅगटाइमची बांधणी सोळा-सोळा मापांच्या तुकड्यांची असते. पहिला तुकडा दोनदा, दुसरा दोनदा, पहिला पुन्हा एकदा, मग तिसरा दोनदा, चौथा दोनदा. ‘मेपल लीफ’चा तिसरा तुकडा सुरू झाला आणि बुवांनी मान वर केली. “मध्यमावर गेलं!” तिसऱ्या तुकड्यात षड्ज बदलतो. काळी चारचा मध्यम, म्हणजे काळी एक, तिथे नवा षड्ज होतो, आणि चौथ्या तुकड्यात सगळं पुन्हा काळी चारवर परततं. पाश्चात्त्य वादक हे शिकतो ते स्वररचनेच्या नियमातून. बुवांना ते ऐकताक्षणी कळलं, कारण मध्यमाला षड्ज करून गाणं त्यांच्या रोजच्या व्यवहारातलं आहे.

वाजवून पाहताना अडचणी आल्या, आणि त्या पाहण्यासारख्या होत्या. पियानोचा सूर हातोडीच्या ठोक्यानं उठतो आणि लगेच विरायला लागतो. पेटीचा सूर हवा आहे तोवर टिकून राहतो. त्यामुळे रॅगटाइमची जागा पेटीवर वाजवली की तिची धार जाते, सूर एकमेकांत मिसळतात. बुवांनी दोन उपाय केले. बोटं वेळेआधी उचलून सूर तोडायला सुरुवात केली, आणि भात्याला छोटे झटके दिले. जिथे जोर हवा तिथे हवेचा दाब वाढला, आणि सुराला टोक आलं. भात्याचं हे काम कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. गजरात टाळांच्या आवाजावर पेटी ऐकू यावी म्हणून त्यांनी ते कधीच कमावलं होतं.

डाव्या हाताचं काय करायचं? तो भात्यात गुंतलेला. आणि पेटीच्या साडेतीन सप्तकांत पियानोचा खोल खर्ज मावतही नाही. ते काम पखवाजवाल्यांनी उचललं. कणकेचा गोळा लावलेली डावी पुडी खर्जासारखी धरली, उजव्या पुडीवर हलका बोल, धुम-त, धुम-त, आणि रॅगटाइमची चाल तयार झाली. पहिल्या वेळी त्यांनी उत्साहानं ती इतकी जलद नेली की बुवांची बोटं सांडली. जॉप्लिन आपल्या छापील स्वरलिपींवर सूचना द्यायचा, की हे संगीत जलद वाजवू नका. ती मी सांगितली. लय निम्म्यावर आली आणि मघा जे नुसतं धावत होतं त्यातल्या सगळ्या खोड्या दिसायला लागल्या.

बुवांचं मत सगळंच बाजूनं नव्हतं. चाल गोड आहे, म्हणाले, पण मध्ये कुठे थांबून फिरता येत नाही. सोळा मापं झाली की उठून पुढच्या घरी जायचं. अभंगात एका ओळीवर हवं तेवढं रमता येतं. मला त्यांचं म्हणणं पटलं. रॅगटाइमचा आनंद आखीव जागेतला आहे, तिथे रेंगाळायला वाव कमी. पण त्या आखीवपणामुळेच कागदावर छापून तो गावोगावच्या घरांत पोचला, हेही खरं.

आनंदी संगीताबद्दल आणि वाद्यांबद्दल प्रतिष्ठितांना नेहमीच शंका येते. १९०१ साली अमेरिकेतल्या वादकांच्या महासंघानं आपल्या सभासदांना रॅगटाइम वाजवू नका असं सांगितलं. आपल्याकडे १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली; तिच्या ठरलेल्या सुरांत श्रुती आणि मींड बसत नाहीत, ही तक्रार होती. बंदी सैल व्हायला १९७० चं दशक उजाडलं. तक्रारीत तथ्य होतं. पण त्या तीस वर्षांत एकाही वाडीतल्या भजनातून पेटी उठली नाही.

ताज ते लालबाग

रॅगटाइम आणि त्यातून निघालेला जॅझ महाराष्ट्रात आला तो मुंबईच्या बंदरातून. १९३६च्या सुमारास ताजमहाल हॉटेलात क्रिकेट स्मिथ हा कृष्णवर्णीय अमेरिकन ट्रम्पेटवादक आपलं पथक घेऊन वाजवत होता. १९१३च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरोपच्या वाद्यवृंदात त्यानं रॅगटाइमच्या बहराच्या काळातली ध्वनिमुद्रणं केली होती, म्हणजे रॅगटाइम त्याच्या अंगात मुरलेला होता. त्याच्याबरोबर पियानोवर टेडी वेदरफर्ड. व्हर्जिनियात जन्मलेला, न्यू ऑर्लिन्समध्ये पियानो शिकलेला, शिकागोत नाव कमावून शांघायमार्गे इथे आलेला. त्याचा डावा हात रॅगटाइमच्या पुढच्या पिढीचा, अधिक लांब उड्या घेणारा. १९४५ साली कलकत्त्यात पटकीनं तो गेला, तोवर हिंदुस्थानातल्या अनेक वादकांनी त्याच्या शेजारी बसून हे कसब उचललं होतं.

हे वादक मुख्यतः गोव्याचे. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले, मुंबईत हॉटेलांत वाजवणारे, आणि हॉटेलं पुरेनाशी झाली तसे चित्रपटांच्या स्टुडिओत गेलेले. चिक चॉकलेट या नावानं गाजलेले अँतोनियो झेवियर वाझ त्यांतले एक. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्र यांनी, त्यांना साथीला घेतलं आणि १९५१च्या ‘अलबेला’त तो उड्या मारणारा ठेका थेट मराठी माणसाच्या कानात आला. पडद्यावर नाचत होते भगवान आभाजी पालव, आपले भगवानदादा. दोन पावलं इकडे, दोन तिकडे, हात हलके, कमरेत किंचित लचक. गिरणगावातल्या गणपतीच्या मिरवणुकीत लोक असंच नाचायचे, आणि पडद्यावर आपलंच नाचणं पाहून ते आणखी जोरात नाचायला लागले.

महाड-पोलादपूरची माणसं त्या मिरवणुकीत होती. गिरणीत नोकरी, लालबाग-परळच्या चाळीत गावाच्या नावाची खोली, खोलीत गावाची पेटी आणि पखवाज. एका पाळीची माणसं झोपायची तेव्हा दुसऱ्या पाळीची कामावर, आणि एकादशीला जी पाळी मोकळी ती भजनाला. १९८२च्या संपानंतर गिरण्या संपत गेल्या. बरेचजण गावी परतले, त्यांच्यासोबत पेट्याही आल्या, आणि पुढच्या पिढीतल्या काहींना आपल्याच तालुक्यातल्या वसाहतीत काम मिळालं. बुवांची पेटी अशीच परळहून आली आहे. त्यांच्या वडिलांनी ती वाजवली, पाळी सांभाळून.

बेंजो

महाडच्या गणपतीत पेटीपेक्षा मोठा आवाज बेंजोचा. लांबट लाकडी पाटीवर तारा, त्यांच्यावर टंकलेखन यंत्रासारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबलं की तार त्या जागी अडते, उजव्या हातात जव्हा असतो, तो तारांवर सारखा चालत राहतो. या वाद्याचा जन्म १९१२ सालचा, जपानमधल्या नागोया शहरातला; गोरो मोरिता नावाच्या माणसानं ते बनवलं. आपल्याकडे येऊन त्याला विजेचा पिकअप लागला, कर्णे लागले, शेजारी कच्छी ढोल आणि ऑक्टोपॅड आले, आणि मुंबईपासून तळकोकणापर्यंत बेंजो पार्ट्या तयार झाल्या. जॉप्लिनची आई वाजवायची तो बॅन्जो वेगळा, गोल कातड्याचा. पण रॅगटाइमचे जाणकार सांगतात की पियानोवरच्या त्या खोडकर उजव्या हातात बॅन्जो छेडण्याची जुनी लय उतरली आहे. आपला बेंजो तर त्याच कामासाठी बनल्यासारखा आहे: एक हात अखंड चालतो, दुसरा चाल बांधतो.

महाडला दुसरी एक जुनी परंपरा आहे ती वीरेश्वराच्या छबिन्याची. महाशिवरात्रीच्या उत्सवात गावोगावच्या पालख्या आणि काठ्या येतात, आणि पुढे खालूबाजा असतो: सनई, ढोल, टिमकी, झांज. तिथे बेंजोला जागा नाही, असं जुनी मंडळी म्हणतात. तरुणांना दोन्ही हवं असतं. मला तरुणांची बाजू योग्य वाटते, एका अटीवर: कर्ण्यांची भिंत उभी करून बेंजोवाल्याची बोटंच ऐकू येईनाशी केली, तर मग तो वाजवणारा माणूस हवाच कशाला? चांगल्या बेंजोवाल्याचं बोट ऐकायचं असेल तर विसर्जनाच्या मिरवणुकीत नाही, दुपारी, सराव चालू असताना जावं.

पुरातून निघालेले सूर

२०२१च्या जुलैत, २२ तारखेला, सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं. बाजारपेठ बुडाली, पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलेली घरं होती. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि वाडीच्या वाडी गेली. त्या दिवसांत पेटीचा विचार कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. चिखल काढून झाल्यावर, काही आठवड्यांनी, पेट्या दुरुस्तीला यायला लागल्या.

दुरुस्ती करणाऱ्या एका कारागिराजवळ बसून मी हे काम पाहिलं. पेटीचा जीव असतो तिच्या पितळी सुरांत. प्रत्येक सूर म्हणजे पितळेच्या छोट्या चौकटीवर एका टोकाला पक्की केलेली पातळ जीभ. हवा गेली की ती थरथरते. ४२ पट्ट्यांच्या, दोन सुरांच्या पेटीत अशा ८४ जिभा असतात. पुरात लाकूड फुगतं, सरस सुटतो, भात्याचा पुठ्ठा आणि कापड कुजतं, पट्ट्या वाकतात. पितळ मात्र तग धरतं. म्हणून कारागीर आधी सगळे सूर काढून घेतो, स्वच्छ पाण्यात धुतो, गाळाचा कण न कण मऊ ब्रशनं काढतो, वाळवतो, आणि मग नव्या लाकडी घरात बसवतो.

बसवले की सूर हललेले असतात. ते जागेवर आणायला हाताशी एक कानस आणि शेजारी सुरात लावलेली दुसरी पेटी. जिभेचं मोकळं टोक किंचित घासलं की ती हलकी होते, सूर चढतो. मुळाशी घासलं की ती लवचीक होते, सूर उतरतो. एका जिभेला किती वेळा कानस लावायची याला हिशेब नाही. दोन सूर एकत्र वाजवून त्यांच्यातली थरथर ऐकायची, ती मंद होत होत थांबली की सोडायचं. जुन्या जर्मन सुरांना अजून मान आहे. आज बहुतेक सूर गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात. पावसाळ्यात इथली हवा इतकी ओली असते की चांगली पेटीही श्रावणात जड होते, पट्ट्या अडकतात. बुवा पावसाळाभर पेटी चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवायचे. आता गॅस आल्यापासून पेटीत साठ वॅटचा जुना बल्ब थोडा वेळ लावतात.

परळहून आलेली त्यांची पेटी पुरात नव्हती, वाडी उंचावर आहे. पण मंडळाची दुसरी पेटी शहरात एका घरी होती. तिचं लाकूड आता नवं आहे, सूर जुनेच.

नोकरी सांभाळून

जॉप्लिनच्या बरोबरीनं ज्यांची नावं घेतात त्यांत एक जोसेफ लॅम्ब. न्यूजर्सीचा गोरा मुलगा, बहुतांशी स्वतःच शिकलेला. १९०७च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये स्टार्कच्या दुकानात त्याची जॉप्लिनशी भेट झाली. जॉप्लिननं त्याची रचना ऐकली, आणि अनोळखी नावाचं संगीत खपावं म्हणून १९०८ साली ‘सेन्सेशन’ या त्याच्या रॅगवर आपलं नाव संयोजक म्हणून घालू दिलं. लॅम्बनं संगीतावर पोट कधी भरलं नाही. न्यूयॉर्कमधल्या एका व्यापारी कंपनीत तो १९१४ ते १९५७ नोकरी करत राहिला आणि रात्री घरी पियानोवर रॅग लिहीत राहिला. मधल्या काळात रॅगटाइम मागे पडला, जॉप्लिन १९१७ साली गेला, लोकांना वाटलं लॅम्बही गेला असेल. १९४९च्या आसपास रॅगटाइमचा इतिहास लिहिणाऱ्या दोघांनी त्याला ब्रुकलिनमध्ये शोधून काढलं. तो तिथेच होता, आणि अजून वाजवत होता.

जॉप्लिनचं पुनरागमन आणखी उशिरा झालं. १९७० साली जोशुआ रिफकिननं त्याचे रॅग जॉप्लिनला हवे तसे, संथ लयीत वाजवले. १९७३च्या ‘द स्टिंग’ चित्रपटानं ते जगभर नेले. सेडेलियात १९७४ पासून त्याच्या नावाचा महोत्सव भरू लागला. १९७६ साली त्याला मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला. पण या मधल्या पन्नास वर्षांत हे संगीत जिवंत ठेवलं ते लॅम्बसारख्यांनी, कुणी विचारत नसताना, स्वतःच्या घरात.

म्हणून मला बुवांची नोकरी त्यांच्या पेटीपासून वेगळी काढता येत नाही. आपल्याकडे पेटीची परंपरा अशी पुष्कळांनी पेलली आहे. गुहागरकडचे गोविंदराव पटवर्धन या वाद्याचे थोर कलावंत. त्यांचे शिष्य डॉ. विद्याधर ओक औषधशास्त्राचे डॉक्टर, आणि बावीस श्रुतींची पेटी त्यांनी उभी केली. वसाहतीतल्या ऑपरेटरला आपण ‘हौशी’ म्हणून मोकळे होतो. पण आठ तास आकड्यांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला रिकाम्या मात्रेची किंमत जास्त कळते, असं मला तिथे बसून वाटलं. कारखान्यात चुकीच्या वेळी पडलेला आकडा म्हणजे धोका. इथे सूर मुद्दाम चुकीच्या वेळी ठेवायचा, आणि सगळ्यांनी मिळून तो बरोबर करून घ्यायचा.

मंडळात पोलादपूरकडचा एक मुलगा आहे, डिप्लोमा करून औषधांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलेला. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे आणि मोबाइलवर पाहून त्यानं जॉप्लिनची ‘द एंटरटेनर’ बसवली आहे, दोन्ही हातांनी. पांढरी एकमध्ये. त्याला डावा हात येतो, बुवांना उजव्याची समज. गेल्या काही आठवड्यांत दोघं पाळ्या जुळल्या की बसतात. मुलगा बुवांकडून मध्यमावर जाणं शिकतोय. बुवा त्याच्याकडून सोळा मापं मोजणं. शिक्षकांनी हरकत घेतली, की हे देवळात कसं चालेल? पखवाजवाले म्हणाले, नाम तेच, अभंग तोच, दोन चरणांच्या मध्ये पेटी काय वाजवते ते देवाला आवडलं नाही तर बघू. कार्तिकातल्या सप्ताहात ‘मेपल लीफ’चा तिसरा तुकडा अभंगाच्या चरणांमध्ये वाजवायचं जवळजवळ ठरलं आहे. टाळ चुकता कामा नयेत, एवढी अट शिक्षकांनी घातली.

चौथा तुकडा अजून बसत नाही. उजव्या हाताला तो जमतो, पण काळी चारवर परतताना पखवाजाचा उठाव कुठून घ्यायचा यावर दोघांचं एकमत नाही. बुवांना तो सातव्या मात्रेवरून हवा, पखवाजवाल्यांना चौथीवरून. पुढच्या आठवड्यात दोघांची पाळी एकच आहे, तेव्हा बसून ठरवू म्हणाले.